१३६ ते ३०० : एका राष्ट्राध्यक्षाच्या रक्तदाबाचं प्रकरण

केस पेपर हातात आला की माझी नजर आधी बीपीच्या रकान्यावर जाते. हे प्रकरणही तिथूनच सुरू करू. १९३५ : १३६/७८. १९३७ : १६२/९८. १९४० : १७८/८८. फेब्रुवारी १९४१ : १८८/१०५. रुग्ण पुरुष, पहिल्या नोंदीच्या वेळी वय ५३. सहा वर्षांच्या आत वरचा आकडा ५२ने चढला. या काळात बीपीवर झालेले उपचार : काही नाहीत.

रुग्ण गरीब नव्हता, आडगावचा नव्हता, दवाखाना लांब पडतो म्हणून टाळणाराही नव्हता. डॉक्टर रोज त्याच्या घरी येत. नाव फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट, पत्ता व्हाइट हाउस, वॉशिंग्टन.

आमच्याकडे नवे ज्युनिअर डॉक्टर आले की मी त्यांना हे प्रकरण सांगतो. रक्तदाब मोकाट सोडला तर तो माणसाचं काय करतो, याची इतकी तारीखवार नोंद फार कमी ठिकाणी सापडते. आज कुणाला असं नुसतं बघत बसता येणार नाही, येऊही नये. रूझवेल्टांच्या बाबतीत सगळे बघत बसले, आणि बसणाऱ्यांत मूर्ख कुणीच नव्हता. ज्युनिअरांना मला हेच दाखवायचं असतं.

पूर्वेतिहास

जन्म १८८२चा. १९२१च्या ऑगस्टमध्ये, ३९व्या वर्षी, पोलिओचा घाला पडला आणि दोन्ही पाय लुळे पडले. मार्च १९३३पासून राष्ट्राध्यक्ष. आधी महामंदी, मग महायुद्ध. सिगारेटी दिवसाला वीस-तीस, लांब होल्डर दातांत तिरका धरून. संध्याकाळी स्वतःच्या हाताने बनवलेलं कॉकटेल. व्यायाम म्हणजे जमेल तेव्हा पोहणं.

त्यांचे डॉक्टर रॉस मॅकिन्टायर नौदलातले, आणि मूळचे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. रूझवेल्टांना सर्दी आणि सायनसचा जुना त्रास होता, त्यामुळे ही नेमणूक कुणाला खटकली नाही. राष्ट्राध्यक्षांचं नाक नियमित तपासलं जात होतं. बीपीही अधूनमधून मोजलं जात होतं, लिहूनही ठेवलं जात होतं.

मे १९४१मध्ये मूळव्याधीतून रक्त जाऊन जाऊन त्यांचं हिमोग्लोबिन साडेचारवर आलं. मग धावपळ झाली, लोह सुरू झालं, रक्त भरून आलं. तीनच महिन्यांपूर्वी बीपी १८८/१०५ निघालं होतं, त्याची धावपळ झाल्याची नोंद नाही. रक्त डोळ्यांना दिसतं. पाऱ्याचा आकडा दिसला तरी दुखत काहीच नाही, आणि दुखत नाही तो आजार कसला, ही समजूत वॉशिंग्टनपासून वाशीमपर्यंत सारखीच आहे.

इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही, माझं स्वतःचं निरीक्षण म्हणून सांगतो. हृदय थकायला लागलं की पहिली तक्रार बहुतेक जिन्यावर येते. 'दोन मजले चढलो की दम लागतो' हे वाक्य आम्ही दिवसातून चारदा ऐकतो. पण रूझवेल्ट जिना चढतच नव्हते. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, उचलून नेणारी माणसं हाताशी. जो चालत नाही त्याला चालताना धाप लागत नाही, त्यामुळे पुढे काय चाललंय याची पहिली वर्दी द्यायला कुणी उरलंच नाही. गुडघे धरलेले आमचे आजी-आजोबा खाटेवरून उठत नाहीत आणि 'दम वगैरे काही नाही हो' म्हणतात, तेव्हा मला हे आठवतं.

तपासणी

मार्च १९४४चा शेवटचा आठवडा. हिवाळाभर खोकला, ताप, थकवा. वाचता वाचता डुलकी लागायची. व्हाइट हाउसचं म्हणणं : फ्लू, मग ब्राँकायटिस. मुलगी ॲना हिला ते पटेना. तिने तगादा लावला तेव्हा कुठे बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात तपासणी ठरली आणि तिथले हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांना बोलावलं गेलं. वय चाळिशीच्या आतलं, नौदलात लेफ्टनंट कमांडर. म्हणजे मॅकिन्टायर यांच्यापेक्षा हुद्द्याने बरेच खाली.

ब्रुएन यांना जे सापडलं ते असं. कुशीवर वळवलं तरी धाप. ओठ आणि नखं निळसर. फुप्फुसांच्या तळाशी पाण्याचे आवाज. एक्स-रेमध्ये हृदय मोठं झालेलं. ईसीजीवर डाव्या कप्प्याला ताण. बीपी १८६/१०८. निदान : उच्च रक्तदाब, त्यामुळे जडलेला हृदयविकार, डाव्या बाजूचं हृदय निकामी होऊ लागलेलं, आणि जोडीला ब्राँकायटिस.

हे का होतं ते थोडक्यात. वरचा आकडा हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा आकडा दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीचा. शरीरभरच्या बारीक धमन्या आखडून राहिल्या आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी पुरेसं बाहेर टाकेनाशी झाली की दाब चढा राहतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याला रोज चढणीवरून बैलगाडी ओढावी लागते. आधी त्याचा स्नायू जाड होतो, अगदी पैलवानाच्या दंडासारखा, पण ही जाडी कामाची नसते. पुढे तो थकतो, फुगतो, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, त्यातून पाणी झिरपतं. राष्ट्राध्यक्षांच्या खोकल्यात ब्राँकायटिसचा वाटा होता तसा या पाण्याचाही होता. त्याच दाबाखाली मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजत असतात. तिकडून मात्र शेवटपर्यंत काही कळत नाही.

उपचार, जेवढे होते तेवढे

ब्रुएन यांनी सुचवलं : एक-दोन आठवडे अंथरुणात पूर्ण विश्रांती, डिजिटॅलिस, मीठ कमी, वजन कमी, खोकल्याला कोडीन, झोपेसाठी हलकं औषध. मॅकिन्टायर यांचं पहिलं उत्तर असं की राष्ट्राध्यक्षांना अंथरुणात ठेवताच येणार नाही. नॉर्मंडीवर फौजा उतरायला जेमतेम दहा आठवडे होते, हेही लक्षात घ्या. मग बाहेरचे ज्येष्ठ डॉक्टर बोलावले, चर्चा झाल्या, आणि शेवटी डिजिटॅलिस सुरू झालं. दोन आठवड्यांत फुप्फुसं मोकळी झाली, हृदयाचा आकार थोडा उतरला, रात्रीची झोप शांत लागू लागली. सिगारेटी पाच-सहांवर आल्या. वजन पुढच्या काही महिन्यांत नऊ-दहा किलोंनी घटलं. चेहरा ओढलेला दिसू लागला, लोक हळहळू लागले.

बीपी मात्र जिथल्या तिथे. डिजिटॅलिस दमलेल्या हृदयाला टेकू देतं, दाबाला हातही लावत नाही. मोटार दुरुस्त केली, पण नळ्या तशाच चोंदलेल्या.

मग दाबावर औषध का दिलं नाही? नव्हतंच. त्या काळी झोपेच्या गोळ्या देत, काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत, आणि नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर रुग्णांना नुसता भात, फळं आणि साखर देत, मीठ जवळजवळ शून्य. आपल्याकडच्या कुणालाही हे आजारपणातलं पथ्य वाटेल, पण त्याने अनेकांचं बीपी खरोखर उतरलं. इतकं अळणी जेवण महिनोन् महिने गिळणारे थोडेच, हा भाग वेगळा.

याहून मोठी अडचण डॉक्टरांच्या डोक्यात होती. वय वाढलं, धमन्या कडक झाल्या, की त्यांतून रक्त रेटायला जास्त दाब लागणारच, असं मानलं जाई. या आजाराच्या नावात 'इसेन्शियल' हा शब्दच होता, आणि त्याचा अर्थ 'आवश्यक' असा सोयीस्करपणे लावला जात होता. पॉल डडली व्हाइट हे अमेरिकेतलं हृदयरोगातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनीही १९३१च्या आपल्या ग्रंथात लिहिलं होतं की हा दाब शरीराने केलेली भरपाई असू शकेल, तेव्हा तो उतरवता आला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच वर्षी इंग्लंडात डॉ. जॉन हे (Hay) यांनी म्हटलं होतं, की चढ्या रक्तदाबाचा सगळ्यात मोठा धोका तो सापडण्यात आहे, कारण मग कोणी तरी मूर्ख तो उतरवायला निघतो.

गंमत म्हणजे विमा कंपन्या या भानगडीत पडल्या नव्हत्या. बीपी जास्त असलेला माणूस लवकर मरतो आणि आपले पैसे जातात, हे त्यांना १९२०च्या दशकातच हिशेबाच्या वह्यांतून कळलं होतं. कारकुनांना जे दिसलं ते प्राध्यापकांना दिसायला आणखी तीस वर्षं गेली.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी नोंद. ब्रुएन त्या तपासणीनंतर जवळजवळ रोज रूझवेल्टांना पाहत होते. तपासणीतलं काही आपणहून रुग्णाला सांगायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. रुग्णाने विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ब्रुएन यांनी पुढे लिहिलं, की आपण इतक्या वेळा का येतो, ईसीजी कशासाठी, या गोळ्या कसल्या, हे राष्ट्राध्यक्षांनी एकदाही विचारलं नाही. एकदाही! जगाच्या नकाशावर रेघा ओढणारा माणूस, स्वतःच्या दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यावर किती आकडा आला हे विचारत नाही. बाहेर सांगितलं जात होतं की वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. नोव्हेंबरात ते चौथ्यांदा निवडून आले.

पुढची वाटचाल

ऑगस्ट १९४४, ब्रेमर्टनचा बंदर-तळ. युद्धनौकेच्या डेकवर उभं राहून भाषण. वजन उतरल्यामुळे पायांचे लोखंडी आधार सैल झालेले, वारा सुटलेला, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलेलं. मध्येच छातीत कळ आली आणि पंधरा मिनिटांच्या आसपास राहिली. भाषण त्यांनी तसंच पुरं केलं.

नोव्हेंबर १९४४ : २६०/१५०.

फेब्रुवारी १९४५, याल्टा. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांची परिषद. पोलंडवरून झालेल्या एका कडाक्याच्या बैठकीनंतर ब्रुएन यांनी नाडी धरली तर एक ठोका जोरकस, पुढचा हलका, पुन्हा जोरकस, पुन्हा हलका. डावा कप्पा आता शिल्लक मोजून वापरत होता. भेटीगाठी कमी केल्यावर काही दिवसांत नाडी सावरली. चर्चिल यांचे डॉक्टर तिथे होते. त्यांनी नुसतं पाहून ताडलं की हा माणूस काही महिन्यांचाच सोबती आहे. (याल्टाच्या त्या प्रसिद्ध फोटोत शेजारी शेजारी बसलेले तिघेही शेवटी मेंदूच्याच झटक्याने गेले. स्टालिनला विश्रांतीचा सल्ला देणारे त्याचे डॉक्टर तर पुढे तुरुंगात गेले. मोठ्या माणसांचं बीपी मोजणं हे जोखमीचं काम आहे.)

१२ एप्रिल १९४५, जॉर्जियातलं वॉर्म स्प्रिंग्ज. सकाळी डोकं थोडं दुखत होतं, मान आखडली होती. दुपारी एकच्या सुमारास ते कागद चाळत बसले होते, समोर चित्रकार त्यांचं चित्र काढत होती. डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं ते म्हणाले आणि कोसळले. ब्रुएन धावत आले. बीपी ३००/१९०. एका डोळ्याची बाहुली विस्फारलेली. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी मृत्यू. वय ६३. मेंदूतला रक्तस्राव.

मॅकिन्टायर यांनी सांगितलं की हे अगदी अनपेक्षित घडलं. रूझवेल्टांचा मूळ वैद्यकीय अहवाल बेथेस्डाच्या तिजोरीतून नाहीसा झाला, तो आजवर मिळालेला नाही. वर दिलेले आकडे आपल्यापर्यंत पोचले ते ब्रुएन यांनी १९७० साली आपल्या टिपणांवरून प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे.

त्याच वेळी मुंबईत

औषध नव्हतं असं मी वर म्हटलं. त्यात थोडी दुरुस्ती. वॉशिंग्टनमध्ये नव्हतं. मुंबईत केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील याच वर्षांत रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहत होते. वेड आणि निद्रानाश यांसाठी वैद्य मंडळी पिढ्यान् पिढ्या वापरत आलेली ती मुळी. कोलकात्यात सेन आणि बोस यांनी १९३१मध्ये तिच्या दोन्ही गुणांवर लिहिलं होतं. वकिलांनी नीट मोजमाप करून, आकडे मांडून, १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला, तेव्हा पश्चिमेचे कान टवकारले. १९५२ साली त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि हा धागा इथे तुटत नाही. रूझवेल्टांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, त्यांच्या जागी आलेल्या ट्रुमन यांनी हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ धडधाकट माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला सुरुवात झाली. चढं बीपी, सिगारेट, कोलेस्टेरॉल हे पुढच्या झटक्याचे जामीन आहेत हे तिथे दिसलं. राहिला प्रश्न : बीपी उतरवलं तर माणूस वाचतो का? याचं पक्कं उत्तर १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिलं. १४३ पुरुष, खालचा आकडा ११५ ते १२९. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. औषध न मिळालेल्यांत २७ जणांना गंभीर दणका बसला, औषध मिळालेल्यांत फक्त दोघांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या औषधांच्या तिकडीत एक होतं रेसरपिन. मन खिन्न करतं म्हणून आज ते मागे पडलं आहे, पण 'दाब उतरवा, माणूस वाचतो' हे सिद्ध करायला सर्पगंधाची मुळी हजर होती, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

हाच रुग्ण आज आला तर

१९३७चा १६२/९८ हा आकडा घेऊन रूझवेल्ट आज आमच्या ओपीडीत आले, तर मी आधी त्यांना पाच मिनिटं गप्प बसवीन. पाठ टेकलेली, दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर, लघवीला जाऊन आलेले, अर्ध्या तासात चहा-सिगारेट नाही. मग दोनदा मोजीन. शर्टाच्या बाहीवरून, गप्पा मारत घेतलेलं बीपी हे बीपी नव्हे. आणखी एक-दोन दिवशी मोजूनही १४०/९०च्या वर राहिलं तर लघवी, क्रिएटिनिन, साखर, ईसीजी, आणि इतक्या आकड्याला गोळी लगेच. ॲम्लोडिपिनसारखी गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडते. सरकारी दवाखान्यात तर फुकट. २०१७च्या अखेरीस देशात रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. त्यांची पद्धत साधी : सगळीकडे तीच ठरलेली औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा.

मग ताटाकडे वळीन. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात भाजी-आमटीपासून पावापर्यंत सगळं धरून. आपल्या पानात डाव्या हाताला पहिलं मीठच वाढतात. ते वाढणं बंद केलं तरी बरीच लढाई मारली, पण लोणचं, पापड, खारं सुकट, फरसाण, खारी बिस्किटं यांतलं मीठ 'मीठ' म्हणून कुणी मोजत नाही. 'आम्ही सैंधवच खातो' हे तर रोजचंच. सैंधवही सोडियमच. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. रोज अर्धा तास झपाझप चालणं त्याहून जास्त देतं. मशेरी आणि तंबाखूबद्दल विचारावंच लागतं, बायका आपणहून सांगत नाहीत. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, ज्या बीपी वर ढकलू शकतात, त्याही पिशवी उलटी केल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावर जे होतं ते होतंच. 'बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली.' 'एकदा लागली की जन्मभर घ्यावी लागते म्हणून सुरूच केली नाही.' चष्मा जन्मभर लागतो त्याचं कुणाला दुःख नसतं.

माझ्याकडे एक काका येतात, निवृत्त कंडक्टर. ते बीपीची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतात, दुधाच्या हिशेबाच्याच चौकटीत. सहा महिन्यांची पानं फाडून, घडी घालून, खिशातून आणतात. परवा आले तेव्हा एप्रिलभर दर रविवारी आकडे : १३४, १३०, १३६. मे महिन्यात नुसतं दूध. पुतणीचं लग्न, पाहुणे, गोळ्या संपल्या त्या आणल्या नाहीत. जूनच्या पहिल्या रविवारी दूध दीड लिटर, त्याखाली १७२/९८, आणि भोवती लाल पेनाने गोल. मी पट्टा गुंडाळायच्या आधीच त्यांनी त्या गोलावर बोट ठेवून विचारलं, "डॉक्टर, एक महिना सोडली तेवढ्यानं एवढं चढतं का? आणि या महिन्याभरात आतमध्ये काही बिघडलं असेल, तर ते कशात दिसेल?"

मी लघवी आणि ईसीजी लिहून दिले.